तिसरा घास

"आज तुम्ही गिऱ्हाईक आहात, बाबा," मुलीने मला दारातच बजावले. "खुर्चीत बसायचं, जेवायचं, आणि काही डुगडुगताना दिसलं तरी डोळे मिटून घ्यायचे."

"डोळे मिटून जेवले तर घास नाकात जाईल त्यांच्या," तिची आई म्हणाली. "त्यापेक्षा आधी खिसे तपास."

मी निमूटपणे कोटाच्या आतल्या खिशातला छोटा स्क्रूड्रायव्हर काढून मुलीच्या हातावर ठेवला. तिने तो काउंटरवरच्या पेनांच्या बरणीत उभा केला, "जाताना मिळेल," म्हणाली आणि स्वयंपाकघराकडे वळली. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणत असू. ते नाव घरात अजून टिकून आहे. पांढऱ्या कोटातली भिंगरी त्या संध्याकाळी मात्र पावले मोजून टाकत होती, आणि त्याचे कारण मला ठाऊक होते.

तिचा हा बिस्त्रो म्हणजे फ्रेंच पद्धतीचे छोटेखानी भोजनगृह. लाँड्री आणि औषधांचे दुकान यांच्या मध्ये पूर्वी एक किल्लीवाला बसत असे, त्याची ही जागा. किल्ल्या टांगायच्या त्याच्या पितळी खुंट्या भिंतभर ओळीने तशाच होत्या. त्या उपटायला सुतार बोलावला होता, पण भिंगरीने त्याला चहा पाजून परत पाठवले. आता त्या खुंट्यांवर नेहमीच्या गिऱ्हाइकांचे कापडी रुमाल असतात. जो पुन्हा पुन्हा येतो त्याला खुंटी मिळते. आल्यावर आपला रुमाल आपणच काढून मांडीवर पसरायचा. औषधवाल्याची खुंटी दाराशी आहे. लाँड्रीवालीची खिडकीशी, आणि सगळ्या भिंतीवर चुरगळलेला रुमाल तेवढा तिचाच.

मला खुंटी नव्हती. बिस्त्रो उघडल्यापासून मी तिथे गेलो तो बिजागऱ्या, नळ, धुराडे आणि पंखे यांच्यासाठी. जेवायला कधी बसलो नाही. बसलो असतो तर कामे कोणी केली असती, असे माझे म्हणणे. "बसलात तर लेकीचं कौतुक करावं लागेल, म्हणून बसत नाही तुम्ही," असे सौभाग्यवतींचे म्हणणे.

त्या संध्याकाळी मोठे शेफ येणार होते. कांदा चिरण्यापासून सगळे भिंगरी ज्यांच्या हाताखाली शिकली, ते हे गृहस्थ. शिष्याने स्वतःचे दुकान थाटले की ते तिथे एकदाच जातात आणि त्याच्या आवडीच्या पदार्थाचे दोनच घास घेतात. पहिला घास ओळखीचा, दुसरा परीक्षेचा, तिसरा आवडीचा, आणि आवडीचा घास उगाच कुणाला देऊ नये, असे त्यांचे वचन. तो तिसरा घास आजवर एकाही शिष्याच्या वाट्याला आला नव्हता. भिंगरी त्यांचे स्वयंपाकघर सोडून निघाली तेव्हा ते म्हणाले होते, "पोरी, तुझ्या हाताला चव आहे, पण ती माझी आहे. तुझी मला अजून दिसली नाही." हे वाक्य तिने आम्हाला एकदाच सांगितले, मोरीशी आमच्याकडे पाठ करून भांडी विसळता विसळता. चेहरा का दाखवत नव्हती, हे तिच्या आईला लगेच कळले. मला ते समजायला जरा वेळ लागला.

जावयाने आम्हाला भिंतीलगतच्या टेबलाशी बसवले. हा पूर्वी ग्रंथालयात होता. अजूनही बोलतो हळू आणि थाळ्या अशा ठेवतो की आवाज होऊ नये.

"बाबा, सुरुवात कांद्याच्या सूपने करू या का?"

"जावईबापू, त्यांना विचारू नका, आणून ठेवा," सौ. म्हणाल्या. "विचारलं की ते आधी कांद्याचा व्यास विचारतील."

सूप आले. वर पावाचा भाजलेला काप, त्यावर वितळून तांबूस झालेले चीज, आणि खाली गडद, जवळजवळ काळपट रस. चमचा आत घातला तेव्हा चीजची तार ओढली गेली. पहिली चव गोड, मग खारट, आणि सर्वात शेवटी घशाशी करपण्याच्या अगदी अलीकडची एक कडसर छटा. कांदा त्या सीमेपर्यंत न्यायचा आणि तिथेच थांबवायचा, हे येरागबाळ्याचे काम नव्हे. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन बाहेर पडल्यापासून निवृत्तीपर्यंत मी एका कारखान्याच्या उष्णोपचार विभागात होतो. गिअरचे दाते टणक व्हावेत म्हणून ते भट्टीत लाल करायचे आणि योग्य क्षणी तेलात बुडवायचे, हा आमचा उद्योग. क्षण चुकला तर पोलाद ठिसूळ होते. तो क्षण ओळखणारा माणूस मला दुरूनही ओळखता येतो. माझ्या वाडग्याच्या तळाशी तसाच एक क्षण होता.

"कसं आहे?" सौ.नी विचारले.

"ठीक आहे."

"ठीक म्हणे! वाडगं पुसून खाल्लंत की."

मी जेवणानंतर सांगण्यासाठी एक गोष्ट राखून ठेवली होती आणि तिच्या आनंदात होतो. त्याच दिवशी सकाळी ओव्हनच्या दाराची बिजागरी करकरते म्हणून भिंगरीने मला बोलावले होते. ती भाजी आणायला गेली असताना माझे काम झाले, आणि हात रिकामे राहिले. हा ओव्हन तिने एका बंद पडलेल्या हॉटेलातून घेतलेला, जुना. सहज म्हणून मी माझे तापमापक यंत्र आत सोडले, तर आतली उष्णता बटणावरच्या आकड्यापेक्षा चांगली पंचवीस अंशांनी जास्त. बटण उपसले, मागचा बारीक स्क्रू फिरवला, पुन्हा मोजले, पुन्हा फिरवला. शेवटी आकडा आणि उष्णता एकमेकांशी प्रामाणिक झाले. बटणावर कसलासा लाल डाग होता, तोही स्पिरिटने घासून काढला. लेकीच्या मोठ्या दिवसासाठी बापाकडून भेट, असे मनाशी म्हणत मी घरी गेलो. आमच्या विभागात एक नियम होता: जो मीटरला हात लावील त्याने मीटरवर आपली पाटी लटकवावी, म्हणजे पुढच्या पाळीच्या माणसाला कळेल. पण लेकीच्या घरात कसली पाटी आणि कसली पाळी!

दार उघडले आणि मोठे शेफ आत आले. उंच, किंचित वाकलेले, हात मात्र लोहारासारखे. जावयाने त्यांना मधल्या टेबलाशी बसवले आणि घडीचा पाहुण्यांचा रुमाल दिला. त्यांनी भिंतीवरच्या खुंट्यांकडे पाहिले.

"हे काय?"

"नेहमी येणाऱ्यांचे रुमाल, सर."

"अच्छा. मग मला त्याचा उपयोग नाही," ते म्हणाले आणि सूप नको, एकदम सूफ्लेच द्या, असे त्यांनी सांगितले.

सूफ्ले हा तिचा आवडीचा पदार्थ. अंड्याचा पांढरा भाग फेसून फेसून ढगासारखा करतात, दाट सारणात हलक्या हाताने मिसळतात आणि वाटीत घालून भाजतात. उष्णतेने ते वाटीबाहेर डोके काढून उभे राहते. भिंगरी त्यात भाजलेला लाल भोपळा आणि अक्रोड घालते. हे तिचे स्वतःचे. आपली चव दाखवायची तर याच वाटीतून, असे तिने ठरवले होते.

स्वयंपाकघर आणि बसायची जागा यांच्यामध्ये थाळ्या सरकवायची एक रुंद खिडकी आहे. माझ्या जागेवरून त्या खिडकीतून भिंगरी दिसत होती. औषधवाला आणि त्याची पत्नी यांचे सूफ्ले आधी लावलेले होते. ते तिने बाहेर काढले, आणि थाळीत ठेवण्याऐवजी ओट्यावरच ठेवले. फिकट, वाटीच्या काठाखाली बसलेले. जावई खिडकीशी गेला. त्याचे हळू बोलणेही मला ऐकू आले.

"पाठवू?"

"नको. त्यांना आणखी पाव दे, थोडा वेळ लागेल म्हणून सांग. माझा फेस बिघडला."

तिने नवी अंडी फोडली, पुन्हा फेसली, मोठ्या शेफसाठी एक आणि राखीव एक अशा दोन वाट्या भरून आत ठेवल्या आणि ओव्हनच्या काचेसमोर उकिडवी बसली. बराच वेळ ती तशीच बसून होती. मग तिने आपला उजवा हात समोर धरला, मनगट झटकले, आणि त्या हाताकडे असे पाहिले, जणू तो कुणा दुसऱ्याचा आहे.

त्याच वेळी मला सकाळचा तो बारीक स्क्रू आठवला.

"अगं," मी सौ.ना म्हणालो, "ओव्हनला सकाळी मी हात लावला."

"बिजागरीला ना?"

"बिजागरीलाही."

सौ.नी चमचा खाली ठेवला. मग त्या म्हणाल्या, "आता उठा. तिला वाटतंय, तिचाच हात चुकला."

"तिने बसायला सांगितलं आहे."

"अहो, ते गिऱ्हाइकाला सांगितलंय. तुम्ही बाप म्हणून जा."

मी आत गेलो. ओव्हनच्या काचेतून दोन वाट्या दिसत होत्या. त्यातले सूफ्ले अर्धवट उठून थांबले होते, जागे व्हावे की न व्हावे अशा विचारात असलेल्या माणसासारखे.

"भिंगरे, तुझा फेस बरोबर आहे," मी म्हणालो. "ओव्हन पंचवीस अंशांनी जास्त तापत होता. सकाळी मी तो बरोबर केला."

ती उठून उभी राहिली. "काय केलंत?"

"बरोबर केला."

"बाबा! तो खोटं बोलतो हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं! त्याचा खोटेपणा धरूनच मी सगळं बसवलंय. बटणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका नव्हता का? तो कुठे गेला म्हणून सकाळपासून शोधतेय मी. शेवटी आठवणीने लावला आकडा."

"तो ठिपका..." मी बटणाकडे पाहिले. "मळ समजून मी पुसला."

म्हणजे तिने पाटी लावलेली होती. रीतसर, मीटरवर, पुढच्या माणसाला दिसेल अशी. नियम तिने पाळला होता आणि ज्याने तो तिला शिकवला त्याने स्पिरिटने घासून काढला होता.

मला वाटले, आता ती रागवेल. तिने मात्र फक्त आपला उजवा हात पुन्हा एकदा पाहिला आणि मूठ वळली.

"म्हणजे हात नाही चुकला."

"नाही. हात तसूभरही चुकला नाही."

"मग हरकत नाही," ती म्हणाली, आणि मला त्या तीन शब्दांत पूर्वीची, एका जागी न ठरणारी पोर दिसली. "बाबा, आत्ता बटण शेवटपर्यंत फिरवलं तर?"

"जेवढं सांगशील तेवढंच तापेल. आता तो खरा आहे."

"मग जोरात खरं बोलू दे त्याला."

जावई खिडकीतून डोकावला. "नवीन लावतेस का? शेफ दाराकडे बघायला लागलेत."

"नवीन लावलं तर थांबून थांबून ते उठून जातील. हेच देणार आहे."

"हे? हे तर बसलंय!"

"बसलेल्याला उठवता येतं," ती म्हणाली. "तू फक्त त्यांना पाण्याचा पेला भरून दे, आणि त्यांच्याशी काही बोलू नकोस. तू बोललास तर झोप येईल त्यांना."

पुढचे मी दाराच्या चौकटीला टेकून पाहिले. तिने बसलेले सूफ्ले वाट्यांतून अलगद उलटे केले, लहान लोखंडी तव्यांत ठेवले, कांद्याच्या सूपचा दाट रस त्यांच्या भोवती ओतला, वर साय आणि मूठभर किसलेले चीज पसरले. औषधवाल्याचे ओट्यावर ठेवलेले दोनही तिने उचलले आणि तसेच केले. घाई नव्हती, आणि कोणता चमचा कुठे आहे हे पाहण्यासाठी मानही वळत नव्हती. तवे आत गेले. बटण शेवटपर्यंत. ती या वेळी काचेसमोर बसली नाही. ओव्हनकडे पाठ करून उभी राहिली आणि वास घेत राहिली. माझ्या उभ्या नोकरीत मी भट्टीकडे पाठ करून उभे राहण्याचे धाडस केले नाही.

"आता," ती म्हणाली, आणि दार उघडले.

चीज तांबूस झाले होते, कडा कुरकुरीत, आणि रसात बुडालेले सूफ्ले पुन्हा फुगून तव्याच्या मधोमध बेटासारखे वर आले होते. कांदा सीमेपर्यंत जाऊन थांबला होता. मी खुर्चीवर परतलो.

जावयाने तवा मोठ्या शेफसमोर लाकडी फळीवर ठेवला. त्यांनी चमच्याच्या पाठीने कडेवर टकटक केले, जसे आम्ही दाता कठीण झाला का ते पाहायला टिचकी मारत असू. पहिला घास घेतला. पाणी प्यायले. दुसरा घास घेतला, आणि तो बराच वेळ तोंडात ठेवला.

मग चमचा खाली ठेवला.

सौ.नी टेबलाखालून माझे मनगट धरले. औषधवाला आपला तवा खरवडता खरवडता थांबला.

"तिला बोलवा," मोठे शेफ म्हणाले.

भिंगरी आली. हात पुसलेले, पाठ ताठ.

"मी सूफ्ले मागितलं होतं. हे काय आहे?"

"सूफ्लेच आहे, शेफ. बसलं होतं. पुन्हा उठवलं."

"का बसलं?"

मी खुर्चीतून उठू लागलो. सौ.नी मनगट सोडले नाही. उलट खाली ओढले.

"माझ्या स्वयंपाकघरात बसलं," भिंगरी म्हणाली. "म्हणून माझंच."

मोठ्या शेफनी तिच्याकडे नीट पाहिले. "माझ्याकडे असतीस, तर काय केलं असतंस?"

"फेकून दिलं असतं. आणि तुम्ही करता तसं नवीन केलं असतं."

"मग आज का नाही केलं?"

"आज तुम्ही गिऱ्हाईक होतात. गिऱ्हाइकाला भूक लागते, शेफ."

कुणीतरी हसले, मला वाटते लाँड्रीवाली. मोठे शेफ हसले नाहीत. त्यांनी तव्यातल्या रसाकडे पाहिले, खाली ठेवलेल्या चमच्याकडे पाहिले. मग चमचा उचलला, सूफ्लेच्या कुरकुरीत कडेचा एक तुकडा रसात बुडवला आणि खाल्ला.

तिसरा.

त्यानंतरचे घास मी पाहिले नाहीत. माझ्या चष्म्यावर वाफ आली होती, सौ. मात्र म्हणतात की सूप केव्हाच संपले होते आणि टेबलावर वाफेचे काही नव्हतेच. एवढे खरे की चष्मा पुसून मी पाहिले तेव्हा मोठे शेफ पावाच्या तुकड्याने तव्याचा तळ पुसत होते आणि भिंगरी तिथेच उभी होती, कारण जा म्हणून तिला कुणी सांगितले नव्हते आणि जायचे तिला सुचत नव्हते.

त्यांनी तोंड पुसले, रुमालाची घडी घातली आणि जावयाला विचारले, "रिकामी खुंटी कोणती?"

ग्रंथालयात आयुष्य घालवलेल्या माणसाने त्या क्षणी मोठ्याने "कुठलीही, सर!" असे ओरडून आपला लौकिक घालवला. मोठ्या शेफनी औषधवाल्याच्या शेजारची खुंटी निवडली. रुमाल टांगताना ते भिंगरीला म्हणाले, "ही चव मी तुला शिकवलेली नाही."

"नाही, शेफ."

"पुढच्या आठवड्यात येतो. तेव्हा आधी सूप घेईन."

ते गेल्यावर ती आमच्या टेबलाशी आली आणि रिकाम्या खुर्चीत धपकन बसली. तिची आई तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. मी म्हणालो, "सकाळी येतो. ओव्हन होता तसा करून देतो."

"म्हणजे तुम्ही बरोबर मीटर चुकीचं करणार?"

"तू म्हणशील तर करीन."

"राहू दे, बाबा. खोटं बोलणाऱ्याशी जुळवून घेतलं, तर खऱ्याशी का नाही जमणार? मी नवा ठिपका लावीन. तो तेवढा पुसू नका."

मी खाकरलो. काही बोलायचे होते. तंत्रनिकेतनाच्या अभ्यासक्रमात त्याची तयारी करून घेतलेली नव्हती. "तू भट्टीकडे पाठ करून उभी राहिलीस," मी म्हणालो. "मला ते कधी जमलं नाही. असं काम मी पाहिलेलं नाही, भिंगरे. कुठेही."

"आई, ऐकलंस?"

"ऐकलं. तारीख लक्षात ठेवा सगळ्यांनी," सौ. म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज नेहमीसारखा नव्हता.

भिंगरीने माझ्या मांडीवरचा रुमाल उचलला आणि मला हाताला धरून भिंतीशी नेले. स्वयंपाकघराच्या दाराला लागून एक खुंटी रिकामी होती. तिचे पितळ इतरांपेक्षा चकचकीत होते. कुणीतरी ती घासून, राखून ठेवलेली दिसत होती.

"ही उघडल्या दिवसापासून तुमची आहे. तुम्ही बसतच नव्हतात. हिच्यावर रुमाल टांगायचा बरं का, पाना नाही."

मी रुमालाची घडी कडांना कड जुळवून घातली आणि तो टांगला. टांगताना खुंटीचा वरचा स्क्रू किंचित सैल असल्याचे बोटाला लागले. अर्ध्या वळशाचे काम. स्क्रूड्रायव्हर समोरच बरणीत उभा होता.

मी तो स्क्रू तसाच राहू दिला आणि गोड काय आहे ते विचारायला खुर्चीवर जाऊन बसलो.